एक वाटी मसूर, रोज

८ जानेवारी
शिरूरला सुनेची तपासणी. सहावा महिना. अश्विनीचं रक्त परत कमी, आठ पूर्णांक चार. मागच्या महिन्यात साडेआठ होतं. गोळ्या खाऊन, डाळ खाऊन खाली उतरलं!
माहेर कासुर्डीचं, माळकरी. अंडं-मटण शिवत नाही. म्हणून डॉक्टरीणबाईंनी मागंच बजावलेलं, गोळ्या चालूच, वर रोज दोन्ही वेळा वाटीभर शिजवलेली मसूर.
"डाळ खातेस ना गं?"
"खाते मॅडम. वाटीभर. दोन्ही वेळा."
मी दाराशी उभा. आवाजात खोट नव्हती. सत्तावीस वर्षं सणसवाडीत मेस चालवतोय, खोटं बोलणारं गिऱ्हाईक 'सेठ' म्हणायच्या आत ओळखतो.
बाई म्हणाल्या, असंच राहिलं तर बाळाचं वजन भरणार नाही, बाळंतपणात रक्त चढवायची वेळ येईल. माझा पोरगा सचिन घरापर्यंत गाडी खड्डे चुकवत हळू चालवत होता. एरवी सुसाट नेतो.
मग वाटी जाते कुठं?

१० जाने.
पहिला संशय डाळीवर, रंगाच्या भेसळीचा. दौंडच्या आडतीतून आणतो, दुकान जुनं, माणूस चांगला. तरी. चांगल्या माणसाचाही माल बाहेरूनच येतो. मूठभर पाण्यात टाकून अर्धा तास बघत बसलो. पाणी लाल होईना. पांढऱ्या फडक्यावर घासली. रंग नाही.
सौ. म्हणाली, "डाळीकडं काय बघत बसलाय? दाखवायला आणलीय का ती?"
फडकं झटकलं. डाळ सुटली. म्हणजे निर्दोष.

१३ जाने.
दुसरा संशय गोळ्यांचा. सासऱ्यानं सुनेला कसं विचारावं, गोळी घेतेस का म्हणून? पेपर धरून बाहेर बसायचं आणि कान आत ठेवायचा. तीन दिवस ऐकलं. पाकिटाची चुरचुर, ग्लास उचलल्याचा आवाज, ठेवल्याचा. रोज. गोळी पोटात जाते.
तिसरा. माळकऱ्यांत कुणी कुणी मसूर मटणाच्या बरोबरीची धरतात, असं ऐकून होतो. पोर लाजेकाजेस्तव वाटी घेते आणि खिडकीतून टाकते की काय? मागच्या बोळात जाऊन आलो. एक मांजर, तीन पाण्याच्या बाटल्या. डाळीचा डाग नाही.
आपलीच लाज वाटली. थोडीच.

१४ जाने.
बापूंना फोन केला. व्याही. संक्रांतीच्या निमित्तानं. बोलता बोलता आडून विचारलं, तुमच्यात मसूर चालते ना?
"चातुर्मासात न्हाई खात आमी. आता कशाला आडवी येती? आन् पोटुशीला कसलं बंधन? ... पाव्हणं, पोर बरी हाय न्हवं?"
"एकदम बरी."
"तुमच्या आवाजावरनं न्हाई वाटत."
म्हणजे कान त्यांनाही आहेत. पुढच्या महिन्यात ओटी भरून न्यायला येणार. पोर अशी पांढरीफटक त्यांच्या गाडीत बसवायची? काय म्हणतील? काही म्हणणार नाहीत, तेच वाईट.

१७ जाने.
शेजारच्या कारखान्याचं कॅन्टीन तपासायला आहारवाल्या मॅडम येतात, लहान वयाची पोरगी. आज आमच्याकडं चहाला थांबली. भिंतीवर मी मोबाईलवरून काढून लावलेला कागद वाचला. मसूर डाळ, शंभर ग्रॅमला प्रथिनं चोवीस.
"काका, हे कोरड्या डाळीचं आहे."
"मग?"
"कोरडी कोण खातं? शिजताना ती पाणी पिते. शिजलेल्या शंभर ग्रॅमला नऊच्या आसपास धरा. लोहाचंही तसंच, कमी होत जातं. तेही डाळ घट्ट असली तर."
मागं मोरीपाशी पंडित, आमचा आचारी, बिहारचा. फिस्सकन हसला. "मैडम, हमारे सेठ की दाल तो गंगाजी है। डुबकी लगाओ तो दाना मिलेगा।"
मीही हसलो. हसण्यासारखंच आहे. ऐंशी ताटांची डाळ शिजते आणि शिफ्ट सुटली की पंधरा जण जास्ती येतात. पंडित ओरडतो, "सेठ, दाल बढ़ाओ!" मी तांब्याभर उकळतं पाणी, चिमूट मीठ, चिमूट तिखट. वाढली डाळ. मी काय एकटा करतो? सगळ्याच मेस अशा चालतात.
पण मॅडम गेल्यावर तो कागद डोळ्यांपुढून हलेना. वाटी सगळे मोजतात. वाटीत काय आहे ते...

२० जाने.
दुपारी तीनला न सांगता वर घरी गेलो. (खाली मेस, वर घर.) अश्विनी एकटीच जेवत होती. मला बघताच ओढणी सावरत उठली. "बस बस, जेव" म्हणेस्तोवर आत गेलीसुद्धा. मी उगाच चष्मा शोधायला लागलो, खिशात असलेला.
ताट तसंच. वाटी काठोकाठ भरलेली. मी कपाट उघडलं, मिटलं, गादी उचलली. तेवढ्यात डाळ तळाला बसली. वर दोन बोटं पिवळं पाणी, त्यात चार मोहऱ्या पोहतायत. फुळकवणी!
पोरगी खोटं बोलली नव्हती. वाटीभर खाते. दोन्ही वेळा.

त्याच दिवशी, संध्याकाळी
सौ.ला विचारलं. माझ्या मते शांतपणे.
"तू डाळीत पाणी घालतेस?"
"घालते की. तुमी दोन वाट्या वरपता, सचिन दोन, तुमच्यासंगं कुणी ना कुणी जेवायला आलेलं असतंच. मागं ऱ्हायलेल्यांना पुरवायची कशी?"
"अगं, पोटुशी आहे ती."
"म्हणून तर तिला माझ्या आधी वाढते! माझ्या सासूनं वाढलं हुतं का मला?" आणि मग पळी आपटून, "ही विद्या मी माहेराहून न्हाई आणली. तुमच्या मेसमधीच शिकले. दहा वर्षं तिथं तांब्या माझ्याच हातात हुता."
इतके दिवस दुकानदारावर संशय, गोळीवर संशय, मांजरावरसुद्धा. तांब्या माझाच निघाला.

२२ जाने.
घरात नवीन कायदा. डाळ उतरली की पहिली वाटी अश्विनीची, तळापासून ढवळून. नंतर आम्ही.
सौ. : "सासऱ्याच्या आधी सून जेवणार. बापू आल्यावर त्यांना बी सांगा, पंगतीला शेवटी बसा म्हणावं."
अश्विनीला वाटी गिळवेना. सासरा बसलाय आणि आपण खायचं. मी बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसलो. आतून चमचा वाटीच्या तळाला लागायचा आवाज नाही, घट्ट डाळीत तो दबतो. बरं वाटलं.

२५ जाने.
मेसमध्येही तांब्या बंद केला. शिफ्ट सुटली, पंधरा जण जास्ती. पंडितनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, डाळ संपली, पिठलं टाक.
एक जुनं गिऱ्हाईक, वेल्डर, वाटीत बोट बुडवून बोटाकडं बघत राहिला. "सेठ, तबीयत ठीक है ना आपकी?"
पंडित म्हणतो आठ दिवस टिकणार नाही हे. बघू. मलाही माझा भरवसा नाही.

२९ जाने.
अश्विनीच्या गालावर थोडा रंग आहे असं सचिन म्हणतो. त्याला दिसायला हवंच आहे, म्हणून दिसतं. मी धरत नाही.
आज वेगळंच ध्यानात आलं. सौ. खाली चहा घेऊन येते आणि वर जाते, त्या अठरा पायऱ्या मी बसल्या जागी ऐकतो. नवव्या पायरीला थांबते. मग चौदाव्याला. वर्ष दोन वर्षं असंच चाललंय, मला वाटायचं गुडघे दुखत असतील. पण गुडघा दुखणारं माणूस कण्हतं. ही कण्हत नाही. हिला धाप लागते.

३० जाने.
सगळ्यांची जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात गेलो. पाणी हवं होतं म्हणालो. सौ. रिकाम्या पातेल्यात पाणी घालून, गरम करून, कडेची डाळ बोटानं निपटून खाली पाडत होती. तेच भाकरीवर घेतलं.
"हे काय?"
"डाळच की."
"डाळ संपली ना?"
"चव हाय त्यात. तुमी जा, पाणी घ्या आन् जा."
सुनेची वाटी घट्ट झाली, आमच्या वाट्या थोड्या कमी झाल्या, बाकी सगळं पाणी हिच्याकडं सरकलं. आधीही हिच्याकडंच होतं. ओढणी घेतलेल्या पोरीची वाटी बघायला मी गादी उचलली. हिच्या ताटात तीस वर्षांत एकदाही डोकावलो नाही.
रक्त कमी असलं की आतून पांढरी दिसते, म्हणून खालची पापणी ओढून दाखव म्हणालो. "याड लागलंय का तुमाला?"

८ फेब्रुवारी
शिरूर. अश्विनीचं रक्त काढलं. मग मी सौ.चं नाव सांगितलं.
ती उठून दाराकडं चालायला लागली. "मला काय झालंय? मला कुठं पोर हुणार हाय?" चार लोक हसले. अश्विनीनं हात धरून बसवलं. पहिल्यांदाच सुनेचा आवाज चढलेला ऐकला. "आई, बसा. तुमचं झाल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही."
बसली. तोंड भिंतीकडं.
सुई घेतलेल्या पोरीनं विचारलं, "मावशी, शेवटचं जेवण कधी झालं?"
"सगळ्यांचं झाल्यावर."
"किती वाजता, ते सांगा."
सौ.नं माझ्याकडं बघितलं. मी सचिनकडं. कुणालाच सांगता येईना. पोरीनं कागदावरची ती जागा मोकळी ठेवली.
दोघींचे रिपोर्ट उद्या अकरानंतर. बापूंचा फोन येऊन गेला, उचलला नाही. सौ. घरी आल्यावर पायऱ्या चढली. थांबली का, किती वेळा, ते आज ऐकलं नाही. मी तिच्या मागंच चढत होतो.