पेट्रोल, लघवी आणि माझी बहीण

लाडके नेनिता,

गुडघा कसा आहे? परवा फोनवर तुझा आवाज फार बारीक वाटला. मी ठणठणीत आहे, मनिलाचा धूर मला मानवलाय.

ईस्टरनंतर आम्ही सगळे गाडीनं निघतोय. नऊ दिवसांत चार बेटं, मधे गाडीसकट बोटीत. आपलं बेट दुसरं. महिनाभर घरात दुसरा विषय नाही, आता ऐकूनच शिसारी येते.

सूनबाई मारिविकनं यादी केलीय. कुठल्याशा किनाऱ्यावर माडाला झोका बांधलाय, त्यावर बसून फोटो काढायला तीन तास! आणि आपल्या गावाच्या नावापुढे काय लिहिलंय? ही नात क्रिस्टेल, जी आत्ता हे लिहितेय, तिनं वाचून दाखवलं : "पेट्रोल, लघवी, लोलाची बहीण. चाळीस मिनिटं." लोलाची, म्हणजे या आजीची बहीण, तू!

"अरे, निदान बहिणीला लघवीच्या आधी तरी घाला!" मी म्हटलं.

"लोला, बोट चुकेल ना!" म्हणत सगळे हसले. अकरा वर्षांनी भेटणार आपण, आणि ही घाई. थू!

म्हणून ऐक. (क्रिस्टेल, हेही लिही. आईला सांगितलंस तर बघ!) भरपूर भात शिजव, सुकी मासळी तळ, सगळ्यांना जेवायला बसव. ते अर्ध्यातून उठतीलच. जेवणातून कुणी प्रवासाला उठलं, की मागे राहणाऱ्यांनी आपापली ताटं जागच्या जागी गोल फिरवायची, म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो. हे मारिविकही पाळते.

तेव्हा तू तुझं ताट फिरव. तुझ्या शेजारी बसून मी माझं फिरवीन.

तुझी मानांग, थोरली बहीण,
तेओदोरा