पंचवीस लाईटी आणि माझ्या सरळ रेघा

२७ मार्च १९९८, शुक्रवार. भिंगार.
रिपोर्ट आला. सुमनच्या स्वादुपिंडावर गाठ. कॅन्सर. हा शब्द या वहीत पहिला आणि शेवटचा. इथून पुढे नुसतं ‘गाठ’.
ठराव केले. सुमनला काही कळू द्यायचं नाही. मी रडायचं नाही. तंबाखू आजपासून बंद. स्वयंपाक मीच करणार.
डॉ. नीलांबरी मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं की बायको सोनईची, साधी बाई आहे, तिला झेपणार नाही, पित्ताची सूज म्हणून सांगा. मॅडम चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. बहुतेक इम्प्रेस झाल्या.

२८ मार्च, शनिवार.
मॅडमनी चित्र काढून समजावलं. गाठीला खेटूनच आतडं. मशीनची लाईट कमी दिली तर गाठ ढिम्म हलत नाही, जास्त दिली तर आतडं भाजतं. म्हणून नवीन पद्धत. लाईट फक्त गाठीवर, नेम धरून. आणि त्याच्या आधी शिरेतून एक इंजेक्शन. हे इंजेक्शन चांगल्या मांसाला जपतं, गाठीला जपत नाही. पण त्याचा जोर थोडाच वेळ, अर्ध्या तासात लाईट लागलीच पाहिजे. गाठ कोणती नि आतडं कोणतं हे इंजेक्शनला कसं कळतं, विचारलं. मॅडम म्हणाल्या, त्यावरच अभ्यास चाललाय. अशा पंचवीस लाईटी. गाठ आकसली तर ऑपरेशन. नाही आकसली तर काय, हे त्या बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. बसची वेळ झाली होती.
फॉर्मवर सुमनची सही हवी होती आणि फॉर्मात तो शब्द तीनदा. मी काय कच्चा आहे? तिचा चष्मा आधीच माझ्या खिशात. चहा सांगून परत आलो तोवर सही झालेली. चष्मा नसून इतकी सुबक! मॅडमचा चष्मा मात्र सुमनच्या हाताशी पडला होता. विसरभोळ्या दिसतात.

३० मार्च, सोमवार. लाईट १.
मशीनवर मच्छिंद्र म्हणून टेक्निशियन आहेत. माझ्याच वयाचे, केस डाय केलेले. त्यांनी सुमनच्या पोटावर जांभळ्या शाईने रेघा मारल्या. त्या पुसायच्या नाहीत, त्यावरून नेम धरतात.
घरी येऊन रेघा पाहिल्या. अरेरे! डावीकडची चक्क तिरकी. मी एकतीस वर्षं मिलिटरीच्या डेपोत खोक्यांवर बाण आणि अक्षरं रंगवली. अशी रेघ मारली असती तर साहेबाने खोकं माझ्या डोक्यावर ठेवून परत पाठवलं असतं.
बेंबीच्या वर एक निळसर तीळही दिसला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, कधी लक्षात आला नव्हता.
तंबाखू एकच चिमूट. टेन्शनमुळे. ही धरायची नाही.

१ एप्रिल, बुधवार. सकाळी ५.३०.
घामाने रेघा फिक्या. ताबा घेतला. मेडिकलमधून तेच जांभळं औषध, घरातला दोन नंबरचा ब्रश, फूटपट्टी. सुमनला खाटेवर सरळ झोपवलं. ती म्हणाली, माझं पोट म्हंजी काय खोकं हाय का? पण हलली नाही.
काय रेघा आल्या! हात जरासुद्धा हलला नाही. तिरकी होती ती काटकोनात आणली, त्यासाठी बोटभर बाहेर न्यावी लागली. मच्छिंद्र बघतच राहणार.

२ एप्रिल, गुरुवार. लाईट ४.
मच्छिंद्र काहीच बोलले नाहीत. जळले असतील.
आधी बाहेर देत होते ते इंजेक्शन कालपासून आत नेऊन देतात. वेळ पाळा म्हणून मी पहिल्या दिवशी ठणकावलं होतं, त्याचा परिणाम. तरीही दाराबाहेर घड्याळ लावून बसलो. बाकीचे पेशंट आत गेले की लगेच मशीन चालू झाल्याचा लाल दिवा लागतो. सुमनच्या वेळी त्याला तेरा मिनिटं जादा. आत गप्पा मारतात की काय?

७ एप्रिल, मंगळवार. लाईट ७.
इंजेक्शनने बीपी उतरलं, उलट्या झाल्या. सुमनला पाय वर करून झोपवलं. मी खंबीर होतो. नंतर जरा गरगरलं, ते उन्हामुळे. सिस्टरनी मलाही शेजारच्या खाटेवर आडवं केलं. सुमनने सलाईनचा हात सांभाळत मला पाणी पाजलं. पेशंटला कामात गुंतवलेलं बरं असतं.

१० एप्रिल, शुक्रवार.
स्वयंपाकाचा ठराव आज अमलात आणला. मऊ खिचडी. कुकर जुना असल्यामुळे खाली लागली. सुमन दोन घास खाऊन म्हणाली, लई भारी झालीय, आता पातेलं भिजत टाका. मग तिनेच उठून ताकभात कालवला. दोघांनी खाल्ला.
कोपरगावहून जयमालाचा शेजाऱ्यांकडे फोन. पोरीला पित्तच सांगितलं. पप्पा, तुम्ही जेवता का, असं मलाच विचारत होती. आईचं विचारलंच नाही. लग्नानंतर मुली बदलतात.

१४ एप्रिल, मंगळवार. जयंती.
मशीन बंद. तरी पहाटे रेघा ताज्या केल्या. हात बसलाय.
सुमनने पांढरी साडी नेसली. कमरेशी दोन हात जास्त खोचावी लागली. संध्याकाळी मिरवणूक दारावरून गेली तेव्हा खुर्ची नको म्हणाली, उभी राहून हात जोडले. गाडीवरच्या बॅनरवरची अक्षरं दरवर्षी मी काढतो. यंदा दुसऱ्याने काढली होती. गचाळ.
माझ्या डोळ्यात नीळ गेली. बराच वेळ पाणी येत होतं.

२२ एप्रिल, बुधवार. लाईट १७.
आज अकरा मिनिटं जादा. सहनशक्तीला मर्यादा असते. अर्ज लिहिला. ‘माझ्या पत्नीस मशीनवर रोज सरासरी तेरा मिनिटे विनाकारण थांबवले जाते. तरी चौकशी होऊन दोषी इसमावर कडक कारवाई व्हावी.’ सोबत तारीखवार तक्ता. सुमन म्हणाली, नका देऊ, उगा कशाला? तिला प्रशासन काय कळणार! पेटीत टाकला.
तंबाखू चार वेळा. चौकशी संपेपर्यंत ठराव स्थगित.

५ मे, मंगळवार. लाईट २५. शेवटची.
लाईट झाल्यावर अर्जाची चौकशी होती म्हणून मॅडमनी मला एकट्याला बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. मच्छिंद्र फाईल घेऊन उभे. मी म्हटलं, माझा कुणावर राग नाही, पण शिस्त ती शिस्त.
मच्छिंद्रांनी फाईल उघडली. एक एप्रिलपासून रोज तीच नोंद. नातेवाईकाने काढलेल्या खुणा स्पिरिटने पुसल्या. ठिपक्यावरून पुन्हा काढल्या.
तो तीळ नव्हता. पहिल्या दिवशी सुईने गोंदलेला ठिपका होता, सगळं माप त्यावरून. तिरकी रेघ मुद्दाम तिरकी होती, आतडं बाहेर ठेवायला. माझ्या काटकोनाने ते बोटभर आत आलं असतं. इंजेक्शन आत न्यायचं कारणही तेच. रेघा पुसून नव्याने काढून झाल्याशिवाय देता येत नव्हतं.
एक तरी लाईट माझ्या रेघांवर दिली का, विचारलं. मच्छिंद्र म्हणाले, एकही नाही बाबा. तुम्ही रेघा मारल्या त्याच दिवशी वहिनींनी आत आल्या आल्या सांगितलं होतं.
मग मला थांबवलं का नाही? मच्छिंद्र म्हणाले, आम्ही वहिनींना तेच म्हणत होतो. त्या म्हणाल्या, ह्यांचा हात दिवसभर थरथरतो, रेघा मारताना तेवढा थांबतो, तवा मारू द्या, तुमी पुसा.
मॅडमनी अजून एक सांगितलं. फॉर्म सुमनने त्यांचा चष्मा लावून पूर्ण वाचला होता. वाचून झाल्यावर म्हणाली होती, आमच्या ह्यांना मला कळलंय म्हणून सांगू नका, त्यांना झेपायचं न्हाई.
जयमालालाही पहिल्यापासून ठाऊक.
बसमध्ये सुमनला खिडकी दिली. बराच रस्ता गेल्यावर मी म्हटलं, कॅन्सर. ती म्हणाली, व्हय. मग मी भर बसमध्ये रडलो. डोळ्यात कचरा, नीळ काही गेलं नव्हतं. कंडक्टरने तिकीट नंतर फाडलं.

६ मे, बुधवार. सकाळी ५.३०.
गाठ आकसली का, ते महिन्याने फोटो काढून कळणार. तोवर काही कळणार नाही. काल फार भीती वाटली. आजही वाटते आहे.
सवयीने जाग आली, ब्रश हातात घेतला आणि मग आठवलं की आता कुठेच जायचं नाही. ठेवून देत होतो. पाहतो तर सुमन पदर बाजूला करून खाटेवर सरळ झोपलेली. म्हणाली, मारा.
एकच मारली. हात हलला. वाकडी आली.
पुसायला फडकं घेतलं तर म्हणाली, ऱ्हाऊ द्या.