पाचव्या प्रश्नाचे तीन गुण

४ मार्च, मंगळवार

सुटलो! सहाही शाळांचे गठ्ठे दुपारपर्यंत आले. सातवीच्या चारशे बारा उत्तरपत्रिका. दोनदा मोजल्या — चारशे बाराच. गेल्या वर्षी एक गठ्ठा टेम्पोतच राहिला होता. तेव्हापासून ही मोजणी होईपर्यंत मला घास गोड लागत नाही.

उद्यापासून तपासणी. आठ परीक्षक, नववा मी, मुख्य परीक्षक. सूचना नेहमीचीच: आपण वाचन तपासतो, सामान्यज्ञान नव्हे. उत्तराला आधार उताऱ्यातलाच हवा. बाहेरच्या माहितीला गुण नाहीत. अकरा वर्षे हेच सांगतो आहे. आता शिपाई हे वाक्य माझ्या आधी पूर्ण करतो.

यंदाचा उतारा मीच लिहिला आहे. ठरलेल्या लेखिकेने ऐनवेळी हात वर केले. संचालकबाई म्हणाल्या, "तुम्हीच लिहा की! वाणिज्यवाल्याला पन्नास शब्द जड जातात होय?" जड गेले नाहीत. वीस मिनिटांत झाला. एक खाडाखोड नाही — माझ्या बाबतीत हे नवलच.

५ मार्च, बुधवार

वहिनीचा फोन. दादा महिनाअखेरीस सुतारकामाचा कारखाना बंद करतो आहे. डोळे साथ देत नाहीत. "भावोजी, त्याआधी एकदा येऊन जा."

विचारले, दादाने सांगितले आहे का?

"यांनी कधी तोंडानं काही सांगितलंय का? मी सांगतेय ना!"

बघतो, म्हणालो. तीस वर्षांत दादा आणि मी लग्नकार्यातच भेटलो. प्रवास कसा झाला, जेवलास का, एवढेच बोललो. मी निघालो त्या दिवशी तो उंबऱ्यापर्यंत आला नाही. आता मी का जावे?

बायको म्हणाली, "एकाच फळीचे दोन तुकडे आहात." आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

६ मार्च, गुरुवार

उतारा इथे उतरवून ठेवतो. कार्यालयात कोणालाही ठाऊक नाही की तो माझ्याच घरचा आहे.

"धाकटा भाऊ नोकरीसाठी परगावी निघाला. मोठा भाऊ सुतार होता. दोघांनी मिळून कारखाना चालवावा, असे त्याच्या मनात होते. त्या सकाळी धाकट्याने ट्रंक भरली. ट्रंकेची कडी सहा महिने सैल होती. आज ती एका दाबात बसली. वहिनी दारापर्यंत आली. मोठा भाऊ आत रंधा मारत राहिला. रंध्याचा आवाज रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होता."

प्रश्न पाचवा: मोठा भाऊ निरोप द्यायला बाहेर का आला नाही? उताऱ्याच्या आधारे लिहा. गुण तीन.

उत्तरसूचीतील उत्तर: त्याला राग आला होता.

सरळ प्रश्न. आणि तरीही आज पहिल्या नव्वद उत्तरपत्रिकांत एकतीस मुलांनी भलतेच लिहिले आहे! सूचीप्रमाणे शून्य.

७ मार्च, शुक्रवार

पाचव्याला आणखी चाळीस शून्ये.

चाळीसपैकी अठराच्या खाली गेलेले मूल सुट्टीतल्या पूरक वर्गात बसते. आजच्या हिशेबाने एकसष्ट मुले बसणार. गेल्या वर्षी बावीस होती. मुले वाचेनाशी झाली आहेत, असा अहवालाचा पहिला परिच्छेद मनात तयार आहे.

१० मार्च, सोमवार

परीक्षकांमधल्या सर्वांत तरुण बाई प्रत्येक ओळीखाली पट्टी धरून वाचतात. त्यांच्या शाळेतली मुले त्यांना पट्टीबाई म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे आणि आवडते. आज चहाच्या वेळी त्या पट्टीसकट माझ्या टेबलाशी आल्या.

"सर, पाचव्याचं उत्तर बदलायला हवं."

"का?"

"उताऱ्यात राग कुठे आहे?"

"तो बाहेर आला नाही."

"ते तर प्रश्नातच आहे. राग कुठल्या ओळीत आहे?"

कारखान्याची ओळ दाखवली. "त्याच्या मनात होतं एवढंच लिहिलंय," त्या म्हणाल्या, "मोडलं म्हणून चिडला, हे कुठे आहे?"

माझा स्वर चढला. म्हणालो, "बाई, हा उतारा मी लिहिला आहे!"

"म्हणूनच विचारतेय."

सगळे हसले. शिपाई कपबशा तशाच धरून हसला. मी हसलो नाही. एक उत्तरपत्रिका माझ्यापुढे ठेवून त्या जागेवर गेल्या. क्रमांक दोनशे चौदा. मी ती ड्रॉवरमध्ये टाकली. उद्या पाहू.

११ मार्च, मंगळवार

पाहिली. नाव नाही, शाळा नाही. नियमाप्रमाणे फक्त क्रमांक. मुलगा की मुलगी, तेही कळत नाही. अक्षर उजवीकडे पडणारे. पाचवे उत्तर जसेच्या तसे:

"मोठा भाऊ रागावला असे पहिल्यांदा वाटते पण तसे नाही. कडी सहा महिने सैल होती आणि आज बसली म्हणजे कोणीतरी ती दुरुस्त केली. घरात सुतार एकच आहे. ज्याला राग आला तो जाणाऱ्याची ट्रंक दुरुस्त करत नाही. बाहेर आला असता तर त्याला सगळ्यांसमोर रडू आले असते म्हणून तो रंधा मारत राहिला."

मी पट्टी घेतली. स्वतःचाच उतारा ओळीगणिक वाचला. चार वेळा.

राग कुठेही नाही. कडी आहे! कडी मीच लिहिली — ती बसल्याचा खटका आठवत होता म्हणून. ती का बसली, हे तीस वर्षांत एकदाही मनात आले नाही. आणि उत्तरसूची? ती मी उताऱ्यावरून केलीच नाही. मला ठाऊक होते ना, त्याला राग आला होता! बाहेरची माहिती. अकरा वर्षे ज्याला गुण देऊ नका म्हणून कंठशोष केला, तीच मी सूचीत छापली आणि तिच्याबरहुकूम मुलांना शून्ये वाटली.

सहावा प्रश्न लेखनाचा: धाकट्या भावाने मोठ्या भावाला लिहिलेले पत्र, शंभर शब्दांत. दोनशे चौदाचे पत्र असे सुरू होते: "प्रिय दादा, ट्रंक नीट पोहोचली. कडी वाटेत एकदाही उघडली नाही. मी कोपऱ्यावर थांबलो होतो. रंधा थांबला की परत यायचे असे ठरवले होते. तो थांबलाच नाही."

कोपऱ्यावर मी थांबलो होतो. हे उताऱ्यात लिहिलेले नाही. कोणालाच सांगितलेले नाही!

चष्मा पुसला. शिपायाने विचारले, "साहेब, धूळ गेली का डोळ्यात?" हो म्हणालो.

१२ मार्च, बुधवार

संचालकबाईंकडे गेलो. उत्तरसूची सदोष आहे, दोष माझा आहे, पाचवा प्रश्न सर्व उत्तरपत्रिकांत पुन्हा तपासावा लागेल — असे लेखी दिले. त्यांनी कागद उजेडात धरला. "तुमची चूक? आणि तुमच्याच अक्षरात? हा मी फ्रेम करून लावणार आहे." मग म्हणाल्या, "किती दिवस?" म्हटले, तीन. "दोन," म्हणाल्या.

परीक्षकांसमोर उभा राहून सांगितले. वाटले होते त्यापेक्षा सोपे गेले. पट्टीबाईंनी वर पाहिले नाही, पट्टी मात्र माझ्या टेबलावर आणून ठेवली. "राहू दे, सर. तुम्हाला लागेल."

१४ मार्च, शुक्रवार

झाले! "रडू आले असते", "जीव तुटत होता", "निरोप त्याने कडीतूनच दिला" — आधार दाखवला असेल तर तीनही गुण. नुसता राग लिहिला असेल तर एक. पूरक वर्गात आता एकोणीस मुले. एकसष्टचे एकोणीस! बेचाळीस मुलांची सुट्टी माझ्या डोक्यातल्या एका सकाळीपायी जाणार होती. अहवालाचा तो पहिला परिच्छेद कागदावर उतरला नाही, बरे झाले.

छातीवरचा दगड उतरला. आज दोनदा जेवण मागून घेतले. बायकोने कपाळाला हात लावून पाहिला.

१५ मार्च, शनिवार

दादाला पत्र लिहिले. शंभर शब्दांत. मग सवयीने निकष लावले: मांडणी पाचपैकी पाच. भाषा पाच. आशय...

बायकोला दाखवले. तिने वाचले, उलटून पाठही पाहिली. "यात येतो असं कुठे लिहिलंय?"

"ते सूचित आहे."

"दुसऱ्यांना शून्य देताना काय सांगता?"

आशय — शून्य. पुन्हा लिहिले. या वेळी सहा शब्द: दादा, पुढच्या रविवारी येतो. रंधा थांबव.

२३ मार्च, रविवार

गेलो. दादा उंबऱ्यातच उभा होता. जेवताना कडीबद्दल आभार मानले. तो वहिनीकडे बघत राहिला. वहिनी हसून हसून खाली बसली — "अहो भावोजी, ती कडी मी बसवली! यांना तर ती सैल असल्याचंही ठाऊक नव्हतं." मग दादा म्हणाला, "चिडलो होतो तर! चांगला आठ दिवस. मग मोठं काम आलं. त्यानंतर तूच रागावलायस असं मला वाटत होतं."

दोनशे चौदाचे तीन गुण कायम. बाहेरच्या माहितीवरून गुण कापता येत नाहीत.