साळवीसाहेबांचा हौद आणि खालची विहीर

१४ फेब्रुवारी १९८०, गुरुवार
सुट्टी. चिंचवडहून सायकल हाणत निगडीच्या पुढचा माळ. साळवीसाहेबांच्या बंगल्याची किल्ली आजपासून माझ्याकडे! त्यांच्या मेहुण्याची नागपूरला बदली झाली, जाताना जुडगा माझ्या हातात टेकवून गेला. तीन किल्ल्यांतली तिसरी लागली. आत शिरलो तर नव्या रंगाचा वास, आणि मागे उघड्या कातळात तो हौद. पोहायचा! निळ्या फरश्या, उतरायला शिडी. सगळ्या माळावर चार बाभळी आणि एक हौद. कंपनीत याला ‘साळवीचा समुद्र’ म्हणतात. म्हणोत. साहेब, आमचे जुने फोरमन (यापुढे नुसतं सा.), दोन वर्षं कुवेतला आहेत, सगळं बांधकाम पत्रांवर झालं. त्यांनी अजून त्यात पायसुद्धा बुडवलेला नाही.

सुमनला म्हटलं, आपण आता बंगलेवाले. ती म्हणाली, आधी चाळीतला नळ दुरुस्त करा.

१७ फेब्रु. रविवार
दुसरी पाळी. सकाळी जाऊन आलो. सोफ्यात उंदीर. फ्रिजचं दार बंद ठेवल्याने आत बुरशी. पुसून दारात वर्तमानपत्राची घडी अडकवली. गच्चीच्या दारापाशी वाळवी, रॉकेल मारलं. एकूण बरं.

हौदात पाणी कमी वाटलं. बोअरची मोटर तासभर चालवली. फरशीवर पेन्सिलने रेघ मारून ठेवली. सवयच ती.

१८ फेब्रु.
रेघेच्या खाली दोन बोटं. एका दिवसात!

२१ फेब्रु. गुरुवार
सा.चं पत्र. इथे उतरवून ठेवतो:

‘वामन, आमचं घर खाडीला. चालायच्या आधी मी पोहत होतो. इथे पुढे वाळू, मागे वाळू, आणि आंघोळीला मोजून दोन बादल्या. रात्री डोळे मिटले की तो हौद दिसतो. ८ मेला येतो, बावीस दिवसांची रजा. मानेपर्यंत पाणी ठेव. विमानातून उतरलो की घरात नंतर, आधी उडी. एवढं एकच तुझ्यावर सोपवतो.’

तीनदा वाचलं. या माणसाने मला कानस धरायला शिकवली. टाइमकीपरशी भांडून मला पर्मनंट केलं, तेव्हा निम्मं डिपार्टमेंट मी १४ एप्रिलच्या जयंतीची वर्गणी गोळा करतो म्हणून तोंड वाकडं करत होतं. उलट टपाली कार्ड टाकलं: मानेपर्यंत म्हणजे मानेपर्यंत. शब्द दिला.

पण पाणी जातंय कुठे? बारा वर्षं मेंटेनन्सला आहे. हवेची असो, तेलाची असो, गळती शोधायला मला बोलावतात. आणि हा एवढासा हौद मला हसतोय.

२८ फेब्रु. गुरुवार
मला सुट्टी आणि विजेलाही. गुरुवारचं हे असंच. मोटर बंद.

पाणी हिरवं पडायला लागलंय. हौदाभोवती हुडकून झालं, कुठे ओल नाही. तहान लागली म्हणून उतारावर खाली मळा आहे तिथे गेलो. राधाबाई म्हणून म्हातारी, गावातली जुनी शेतकरीण, एकटीच असते. विहिरीतून ताजं पाणी शेंदून तांब्या सरळ माझ्या हातात दिला. मला आजी आठवली. अशाच विहिरीपासून दहा पावलं लांब ओंजळ धरून उभी राहायची ती, कोणी वरून ओतेल तेव्हा. राधाबाईने आडनाव विचारलं. सांगितलं. म्हणाली, ‘बरं. अजून घे.’ मी अजून घेतलं.

तिच्याकडे मेथी, कोथिंबीर, वांगी, सगळं हिरवंगार! म्हणे दरसाल शिवरात्रीला विहिरीचा तळ दिसतो. ‘औंदा कसं कोन जाने, पानी हाय. लेक म्हनतो मळा टाक, क्वार्टरमदी ऱ्हायला ये. म्या म्हनलं, हिरीला पानी हाय तवर मी हितं हाय.’ जुडी मेथी दिली. सुमन खूश.

६ मार्च, गुरुवार
हिरव्या पाण्याचा निकाल लावला. गावाकडे विहिरीत लाल औषध (परमँगनेट) टाकायचे, चिमूटभर. इथे हौद मोठा म्हणून अख्खं पुडकं मोकळं केलं. मापबीप कोण बघतो! बांबूने ढवळलं. जांभळं झालं सगळं, वांग्यासारखं!! सुमनला दाखवायला हवं होतं. खाली बसेल आपोआप.

८ मार्च, शनिवार
आजचं आधी लिहून काढतो.

पहिली पाळी संपवून माळावर गेलो. खाली मळ्यात गलका, दहाबारा बाया. मला वाटलं कोणी पडलं विहिरीत. धावत गेलो. राधाबाईने बादली पुढे केली. आत पाणी गुलाबी! डाळिंबाच्या सरबतासारखं. म्हणाली, ‘सकाळपास्नं असंच येतंय बग. देवीनं कुकू धुतलं.’ एका बाईने विहिरीच्या काठाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, खोबरं माझ्या हातावर ठेवलं.

मी खाल्लं. दुसरं काय करणार?

सापडली गळती! म्हणजे कुठून जाते ते नाही, पण कुठे पोचते ते. सबंध हौद कातळाच्या फटीतून म्हातारीच्या विहिरीत उतरतोय. परवाच्या वेंधळेपणाने जे दाखवलं, ते माझ्या बारा वर्षांच्या अकलेला तीन आठवडे दिसलं नाही. सायकलवर एकटाच हसत आलो, आकुर्डीजवळ ट्रकखाली जायचा राहिलो.

९ मार्च
सुमनला सांगितलं. ती इतकी हसली की उचकी लागली. म्हणाली, ‘अहो, आपल्या घरात देव नाही, आणि तुम्हीच देवी होऊन बसलात!’

मग गप्प झाली. म्हणाली, आजींना सांगायला हवं होतं हे. त्यांना गावच्या विहिरीला शिवू देत नव्हते आणि आता तुम्ही भरलेल्या पाण्याची पूजा करतायत. मला ते सुचलंच नव्हतं.  

१३ मार्च, गुरुवार
रंग गेला, गर्दी कमी. पण काठाला आता एक शेंदूर फासलेला दगड आहे, आणि चुनाबिना लावून ओटा. राधाबाई रोज दिवा लावते. मला बघून म्हणाली, ‘तुझा पायगुन चांगला.’

२७ मार्च, गुरुवार
हौद कंबरेइतका उतरू दिला आणि आत उतरलो. पोहता येत नाही मला, शिडी धरून. भिंतीला तळहात लावत लावत कोपऱ्यापर्यंत गेलो. शिडीच्या मागे, शेवटच्या फरशीपाशी हाताला ओढ लागली. बारीक, पण नक्की. वीतभर चीर! ओरडलोच. माळावर ऐकायला कोण असतं, एक टिटवी उडाली.

अर्ध्या दिवसाचं काम आहे. सिमेंट, वरून नवी फरशी, की झालं. घरी येईपर्यंत तोंडाने शीळ. कासारवाडीच्या मिस्त्रीला बोलून ठेवलं, १० तारखेला ये.

३ एप्रिल
हौद भरत नाही. बोअरला आता दोनच तास पाणी येतं, तेवढं रात्रीतून जातं. चीर बुजवल्याशिवाय मानेपर्यंत पाणी बावीस दिवस टिकणं अशक्य. हिशेब सोपा आहे.

चीर बुजवली की विहीर पंधरा दिवसांत आटणार. हाही सोपा आहे.

झोप नाही. सुमन म्हणते, ‘तिला सांगा की. आणि साहेबांनाही लिहा.’ सा.ना काय लिहू? तुमचा समुद्र मी मेथीला घालतोय?

१० एप्रिल, गुरुवार
मिस्त्री आला, चहा प्यायला, सिमेंट कालवायला घमेलं मागितलं. मी म्हटलं घमेलं हरवलंय. त्याच्या डोळ्यांसमोर भिंतीला उभं होतं. तो माझ्याकडे बघून निघून गेला. मी इतका मूर्ख असेन असं वाटलं नव्हतं.

२४ एप्रिल, गुरुवार
आज सांगून टाकलं. तोंड धुतलं, खाली गेलो. राधाबाई जुड्या बांधत होती. म्हटलं, ‘मावशी, देवीबिवी काही नाही. वरचा हौद गळतो. औषध मीच टाकलं होतं. ८ तारखेला मालक येणार, चीर बुजवावी लागेल.’

मला वाटलं रडेल, नाहीतर कोयता उगारेल. ती जुडी बांधतच राहिली. मग म्हणाली:

‘आरं दादा, पानी वरनं खाली येतं. हिरीच्या वर काय हाय? तुमचा बंगला. येवढं न कळाया मी काय कालची हाय व्हय? बाया गेल्यावं त्याच दिशी वर चढून जांबळा हौद बघून आले म्या.’

मी म्हटलं, ‘मग हळदकुंकू? दगड? रोजचा दिवा?’

‘मंग काय करू? चिरेला कोन बी सिमेंट फासंल. देवीच्या पान्याला हात कोन लावंल?’

हसायला लागली. दात चार, पण काय हसली! मीही हसलो, बांधावर बसून, पोट धरून. सबंध गावाला तिने कोपराने ढकलून विहिरीभोवती उभं केलं होतं, पहारा द्यायला.

मग डोळे पुसून म्हणाली, ‘समद्यांस्नी चाललं ते. तुझंच अवघड हाय. तू देव मानत न्हाईस. तुझ्याम्होरं माझी देवी काय कामाची?’

मी उरलेल्या जुड्या बांधून दिल्या. 

३० एप्रिल
सा.ना पत्र लिहिलं. फाडलं. लिहिलं. आता टाकलं तरी ते निघायच्या आधी पोचत नाही. म्हणजे मी वेळच तेवढा काढला. हे मुद्दाम केलं का? बहुतेक.

७ मे, बुधवार
रजा टाकली. उद्या गुरुवार, वीज नाही, म्हणून सगळं आजच. काल आणि आज मोटर चालवली, निगडीतल्या बांधकामाचा टँकर गोडीगुलाबीने वळवला. टँकर यायच्या आधी चिरेवर आतून सायकलची ट्यूब कापून दाबली, वर फरशी, वर धोंडा. संध्याकाळी मानेपर्यंत! निळंशार! सुमन काठावर बसून पाय सोडून गाणं म्हणत होती. मीही पाय सोडले.

ट्यूब एक दिवस टिकेल. फार तर दीड.

८ मे, गुरुवार
आले! टॅक्सी फाटकात थांबायच्या आत सा. बाहेर. वाळले आहेत, केस गेले. ‘वामन!’ एवढंच. बूट काढले, घड्याळ माझ्या हातात दिलं, शर्टपँटसकट उडी!! पाणी माझ्या तोंडावर. मग वर आले ते उताणे, डोळे मिटून, हात पसरून. किती वेळ तसेच. मग म्हणाले, ‘अंग सुटलां रे, वामन. दोन वर्षांनी सुटलां.’ रडत होते की पाणी होतं कळलं नाही. मी मात्र रडलो.

दुपारी सुमनने मेथीची भाजी, भाकरी. सा. म्हणाले, ‘एवढी कोवळी मे महिन्यात कुठे मिळते?’ सुमनने माझ्याकडे बघितलं. मी ठेचा वाढला.

९ मे, शुक्रवार
ट्यूब गेली. सकाळी चार बोटं खाली. सा. काठावर उकिडवे बसून माझ्या फेब्रुवारीपासूनच्या पेन्सिलच्या रेघा वाचत होते, एकेक. फोरमन तो फोरमन.

‘गळती आहे.’
‘हो.’
‘शोधलीस?’
‘मार्चमध्ये.’
‘मग बुजवली का नाहीस?’

एका वाक्यात सांगता येईना. म्हटलं, ‘साहेब, पाणी कुठे जातं ते आधी बघावं लागेल. चालत दहा मिनिटं.’ त्यांनी माझ्याकडे बघितलं, टाइमकीपरशी भांडायच्या आधी बघितलं होतं तसंच. रागावले आहेत की नाही, ओळखता आलं नाही. मग म्हणाले, ‘मिस्त्री उद्या आठला येतोय. मी कालच निरोप धाडला, शिडी हलते म्हणून.’

संध्याकाळी सुमन खाली जाऊन सगळं सांगून आली. राधाबाई म्हणाली, ‘साहेबास्नी म्हनावं, उद्या सकाळी सात वाजता येते. कोथमीर आनते. आन नारळ बी आनते, कोकनातला मानूस हाय म्हनं.’

उद्या पहिली पाळी बुडवणार. पिशवीत सिमेंट घेतलं आहे, थापीही. सा.नी सांगितलं तर लावायला माझाच हात लागेल, दुसऱ्याचा नको. किल्लीचा जुडगा परत करायचा राहिला. सा.नीही मागितला नाही.