अष्टमीचं लाइव्ह

२८ सप्टें., रवि.
साबांचं घटस्थापनेपासून एकच. "खाली देवी बसलीय, अन् आमी वर उताणं पडून ऱ्हायचं व्हय?" खुब्याचं हाड मोडल्यापासून सासूबाई पलंगावर. ही सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांच्या घरची, ज्वारी खुडलीय त्यांनी इथे. आता त्याच जागेवर तिसऱ्या मजल्यावरून खाली येता येत नाही म्हणून चिडचिड. शेवटी म्हटलं, अष्टमीची आरती फोनवर लाइव्ह दाखवते, पलंगावरून बघा. भोसरीतून मोबाइलचा स्टँड आणलाय कालच, कंपनीतून येताना. कमिटी खूश. बाकीच्या म्हाताऱ्यांनाही दिसेल म्हणे. सोसायटीचं पेज माझ्याच हातात असतं, त्यामुळे 'टेक्निकल खातं' माझं. मिरवते जरा. खोटं कशाला लिहू?

३० सप्टें., मंगळ. अष्टमी
आरती झकास. साबांनी वर पलंगावरून हात जोडले, हे सांगत होते.

सुनंदाच्या अंगात आलं, दरवर्षीसारखं. एरवी समोरच्या दारात राहून तिचा आवाज ऐकू येत नाही. लातूरकडची. चाकणला वायरिंगच्या लाइनवर लीडर आहे, तिथे चाळीस पोरी हिचं ऐकतात आणि घरी ही कोणाला 'नको' म्हणत नाही. अष्टमीला संबळ वाजली की केस सुटतात. मग दरवर्षी तेच, नवऱ्याकडे बोट करून: "हिची माय वाट बघत गेली. निरोप आला होता, तू दाबलास. तुझ्या बहिणीचं लग्न उरकेपर्यंत दाबलास." आणि बालाजीभाऊ, तिचा नवरा, हॉलभर बायकांच्या देखत तिच्या पायावर डोकं ठेवतात. "चुकलं माय. माझं चुकलं." आम्ही सगळ्या खाली बघतो. हळदकुंकू, पाणी, मग ती भानावर येते आणि विचारते, आरती झाली का? आम्ही म्हणतो, झाली.

दुसऱ्या दिवशी कोणी विषय काढत नाही. काढायचाच नसतो. बोलली ती देवी. सु.ला त्यातलं काही आठवत नाही आणि कोणी सांगत नाही. घरात दोघांनी या गोष्टीचा एक शब्द कधी काढला नसेल, पैजेवर सांगते. वर्षातून एकदा हे एवढंच.

ओटी भरायला पुढे गेले आणि लाइव्ह बंद करायचं राहिलं. नंतर लक्षात आलं. असो. सोसायटीतलेच बघणार, घरचीच माणसं.

१ ऑक्टो., बुध.
घरची माणसं कसली डोंबलाची! 'कोणाला दिसेल' विचारलं होतं फोनने. घाईत पहिलं बटण दाबलं. पहिलं बटण म्हणजे सगळ्या जगाला.

दुपारी कंपनीत, स्टोअर्समध्ये एकीने फोन पुढे केला. "मॅडम, हे तुमच्या मोशीतलं ना?" कुठल्याशा लोकल न्यूज चॅनलने उचललंय. वर पट्टी: 'बायकोसमोर नवऱ्याचं लोटांगण!' खाली ढँग ढँग म्युझिक. सु.चं ओरडणं स्पष्ट, भाऊंचं बोलणं म्युझिकखाली गेलेलं.

पेजवरून काढून टाकलं लगेच. काय उपयोग?

२ ऑक्टो. दसरा
सोनं द्यायला समोर गेले. भाऊंनी दार अर्धं उघडलं, पान घेतलं, "ती झोपलीय" म्हणाले. आत मिक्सर चालू होता.

४ ऑक्टो., शनि.
त्या चॅनलचं ऑफिस शोधून काढलं. भोसरीत, मोबाइलच्या दुकानावर एक खोली. भांडायच्या तयारीने गेले होते. संपादक म्हणजे माझ्या भाच्याच्या वयाचा, गोड बोलणारा, चहा मागवला. "ताई, आम्ही फक्त दाखवतो. मूळ तर तुमच्याच पेजवरचं. पब्लिक होतं." मग, "त्या ताईंचा एक बाइट मिळवून द्या ना. त्यांचीही बाजू लावू."

डोकंच फिरलं. म्हटलं, तुझ्या आईच्या अंगात आलं असतं तर लावलं असतंस का रे?

"येतं ना तिच्या." तो शांतपणे म्हणाला. "पण घरात येतं, ताई. आम्ही तिथे फोन नेत नाही."

चहा तसाच टाकून जिना उतरले. त्याच्यावर रागावता येईना, हाच राग.

७ ऑक्टो., मंगळ.
आता उलटंच सुरू. कुठल्या भक्तांच्या पेजने त्यावर डीजेचं गाणं चढवलंय, 'जागृत देवी' म्हणून. गेटवर नारळ घेऊन बायका. वॉचमन इंटरकॉमवर: "मॅडम, देवीवाल्या बाईंचा फ्लॅट विचारतायत, काय सांगू?" एक कंत्राटी कामगार आला होता, पर्मनंट कधी होणार ते विचारायला. गरीब बिचारा, रजा टाकून आलेला. त्याला काय म्हणणार?

संध्याकाळी टीव्हीवर चर्चा. एक म्हणतो अंधश्रद्धा, हिला डॉक्टरकडे न्या. दुसरा म्हणतो श्रद्धेचा अपमान, माफी मागा. दोघांच्या मधल्या चौकटीत सु. केस सोडून घुमतेय, पुन्हा पुन्हा तेच. तिला कोणी काही विचारत नाही. हे म्हणाले बंद कर. मी नाही केला. बघत बसले, शिक्षा घेतल्यासारखी.

१० ऑक्टो., शुक्र.
सु. जिन्यात भेटली. लिफ्टमध्ये लोक असतात म्हणून जिन्याने येते आता. लाइनवरून काढून पॅकिंगला टाकलंय तिला. 'सेफ्टी म्हणून.' मशीनपाशी काही झालं तर? वर्षात एकदा, तेही संबळ वाजल्यावर, हे त्या साहेबांना कोणी सांगायचं?

मी रडायला लागले. तीच माझ्या पाठीवर हात फिरवते. "जाऊ द्या हो वैशूताई. तुम्ही मुद्दाम केलंय का?" हातातली पिशवी घेऊ म्हटलं तर दिली नाही.

सगळे बघायलेत, मी नाही बघितलं, म्हणाली. कोणी दाखवायला आलं की डोळे मिटून घेते.

१६ ऑक्टो., गुरु.
भाऊंच्या थोरल्या भावाचा फोन आलेला, गावाहून. स्पीकरवर नव्हता, तरी आमच्या हॉलमध्ये ऐकू आला. घराण्याची अब्रू, बहिणीच्या सासरी काय तोंड दाखवू, बायकोच्या पायावर लोळतोस. भाऊ नुसते "हां दादा, हां दादा."

नंतर लिफ्टपाशी गाठ पडली. कंपनीच्या बसमध्ये चढले की पोरं वाकून पाया पडतात म्हणे भाऊंच्या, "चुकलं माय" करत नाहीत एवढंच, कारण ते ऐकूच आलेलं नाही कोणाला. हसून सांगत होते. मग हसू गेलं. "ताई, तुमच्यावर राग नाही. पण पुढच्या वर्षी मी खाली येणार नाही. तिलाबी येऊ देणार नाही."

त्या माणसाला वर्षातून एकदा चुकलं म्हणायला जागा होती. तिला वर्षातून एकदा बोलायला. आम्ही पाच-पन्नास बायका खाली मान घालून ती जागा राखत होतो, कोणी शिकवलं नव्हतं तरी. मी तिथे स्टँड लावला.

२१ ऑक्टो., मंगळ. लक्ष्मीपूजन
समोरून फराळाचं ताट आलं नाही. मी पाठवलं ते रिकामं धुऊन परत आलं, वर साखरेची चिमूट. रीत नाही मोडली तिने.

साबांना सगळं कळलंय. आज वेणी घालताना म्हणाल्या, "मला फोनमधी न्हवती बघायची गं देवी. खाली न्यायचं व्हतं. खुर्चीत बसवून चौघांनी उचललं असतं, तर मी काय न्हाई म्हनले असते?"

हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्या तर नाहीच. मी स्टँडची किंमत विचारत होते.

९ नोव्हें., रवि.
ज्या ज्या पेजवर आहे तिथे तक्रार टाकतेय. उत्तर ठरलेलं: नियमांचा भंग आढळला नाही. कोणाचे नियम, कोण जाणे.

लोकांचा रस संपला तसा. आता कुठल्या तरी नव्या व्हिडिओमागे आहेत. गेटवर नारळ येत नाहीत. सु. मात्र पॅकिंगलाच, आणि रोज जिन्यानेच.

फोन साफ करताना दिसलं. मूळ व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आपोआप साठलेला. म्युझिक नाही, पट्टी नाही. भाऊंचं "चुकलं माय, माझं चुकलं" स्वच्छ ऐकू येतं. हॉलमध्ये होत्या किंवा तेव्हा लाइव्ह बघत होते त्यांना सोडलं तर हे शब्द जगात कोणाकडे नाहीत. पुसून टाकायचं बटण समोर. नाही दाबलं. का, ते धड सांगता येत नाही.

२७ नोव्हें., मार्गशीर्षातला पहिला गुरुवार
पूजा मांडली होती. हळदकुंकवाला सु. येईल असं वाटलं नव्हतं, आली. सगळ्या गेल्यावरही बसून राहिली. साबांचे पाय चेपले, त्या घोरायला लागल्या. मग म्हणाली, "वैशूताई, तुमच्याकडं आहे का ते?"

खोटं बोलायचं तोंडावर आलं होतं. म्हटलं, आहे.

"दाखवा मला. सगळ्या पिंपरी-चिंचवडनं बघितलं. मीच राहिले." मी फोन काढला तसा माझा हात धरला. "आवाज बंद करा पहिले. तिचं बोलणं मी ऐकायचं नसतं."

आवाज बंद केला. दोघी पलंगाच्या कडेला टेकून. स्वतःचे सुटलेले केस बघून ती लाजली, नऊवारी कशी सुटायली बघा, म्हणाली. मग बोट कोणाकडे केलंय ते बघत होती. भाऊ पुढे आले. वाकले. पायावर डोकं. बायका वाकतात तसं पटकन नाही. तिथेच राहतात ते, ओठ हलतात, पुन्हा हलतात.

"थांबवा."

थांबवलं. तिने फोन हातात घेतला, अगदी जवळ धरला. चष्मा आणला नव्हता.

"हे काय म्हणायलेत ताई?"

आवाजाचं बटण माझ्या बोटापासून वीतभरावर. दाबलं असतं तर तिला आजच्या आज मिळालं असतं, जे इतकी वर्षं पायाशी पडत होतं आणि तिच्या कानावर गेलं नाही. पण एकदा मी दुसऱ्यांचं बोलणं तिसऱ्यांना ऐकवलंय. पुन्हा मीच?

"भाऊ घरी आहेत ना?" म्हटलं. "त्यांना विचार."

"ते सांगतील?"

"माहीत नाही गं."

फोनची स्क्रीन आपोआप काळी झाली, तरी सु. काचेकडेच बघत होती. मग उठली, पदर सारखा केला, कुंकवाचा हात पलंगाच्या कडेला लागला तो पुसला. फोन माझ्या मांडीवर ठेवला. "पुसू नका अजून," एवढंच म्हणाली.

गेली. घराची किल्ली कमरेला होती, जाताना वाजली. पण स्वतःच्या दाराची बेल वाजवली तिने आणि थांबली.

आमच्या दाराला भिंग आहे, समोरचं दार त्यातून सरळ दिसतं. पायांनी आपोआप तिकडे नेलं. डोळा लावायच्या आधी मागे फिरले आणि दाराकडे पाठ करून बसले.

समोरचं दार उघडल्याचं ऐकू आलं. लावल्याचं अजून नाही.