पैलवानाचा मोडलेला कान

शहापूर, बेळगाव. मंगळवार, माघ, १९३९

दुसऱ्याचा चेहरा सुधारायचा हक्क मला कुणी दिला? बी.ए. झाले, तरी याचे उत्तर मला देता येत नाही.

कडोलीच्या एका पैलवानांचा फोटो अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, स्टुडिओत मी मन लावून काढला होता. अंगाला तेल, उजेड एकाच बाजूच्या खिडकीतून. खांदे कसे कोरल्यासारखे आले. फक्त डावा कान मोडलेला, गोळा झालेला. वाटले, त्यांना बरे वाटेल. म्हणून काचेच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून कान सारखा केला.

आज ते न्यायला आले. बघतच राहिले.

“आक्का, ह्यो मी न्हाय. सात वर्सं मातीत घासलोय, तवा ह्यो कान मोडलाय. तालमीत उस्तादांच्या फोटूशेजारी कुठल्या तोंडानं लावू?”

अण्णा हसले. “बी.ए. झालीया, पर तालमीतलं काय कळतंय तिला!”

पैलवानही हसले, पण फोटो टेबलावर ठेवून गेले.

तो कान. माझ्या बी.ए.च्या सनदेवरचे नाव कुणी असे खोडले असते तर? कॉलेजच्या मैत्रिणींना लिहावे तर त्यांना तो कान कळणार नाही, आणि घरात कुणाला माझी शरम कळणार नाही. बोलू कुणाशी?

अण्णा म्हणाले, “झ्याक आलाय, दुकानाच्या दर्शनी कपाटात लाव.” मी लावला नाही. टर्पेंटाइनच्या बोळ्याने निगेटिव्हवरची पेन्सिल पुसली, नवा फोटो छापला, संध्याकाळच्या मोटारीने कडोलीला पाठवला. पहिला फाडून टाकला. अण्णांना विचारले नाही.