थेंब घातल्यावर नंबर कसा दिसणार

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

झालं. आजपासून मी डेव्हलपर नाही. अकरा वर्षं कोड लिहिला, आता प्रॉडक्ट मॅनेजर — काय बनवायचं ते मी ठरवणार, बनवणार दुसरे. माझं सगळं काम टीममधल्या शंतनुकडे गेलं. आमचे बॉस हेमेंद्रसर फोनवर म्हणाले, "अब कोड को हाथ मत लगाना, सीमंतिनी." हसून म्हणाले, पण गंमत नव्हती ती.

४ नोव्हेंबर

दिवसभर नुसती बोलले. एक ओळ लिहिली नाही. काम केलं की नाही तेच कळेना.

६ नोव्हेंबर

गावातल्या माधवगंज भागात डोळ्यांच्या दवाखान्यात तीन तास बसले. आमचं ॲप तिथे दोन महिने चालू आहे — आपला नंबर आला की मोबाइलवर दिसतो. ती स्क्रीन माझी.

शेजारी एक आजी डोळे मिटून बसलेल्या. मोबाइल माझ्यापुढे धरला. "बिटिया, देखो तो, हमारा नंबर आया क्या?" नंबर केव्हाच येऊन गेला होता.

रिसेप्शनवरच्या लीलाताई म्हणाल्या, "अहो, तपासणीआधी थेंब घालतात ना. मग तीन-चार घंटे जवळचं काही दिसतच नाही. मीच ओरडून बोलावते एकेकाला, तरी कोणी ना कोणी राहतंच. तुमच्याकडून कधी कोणी विचारलंच नाही."

चार महिने मी त्या स्क्रीनचे रंग जुळवत होते.

७ नोव्हेंबर

शंतनुचा कोड उघडला. दहा मिनिटं बघत बसले. बंद केला.

१० नोव्हेंबर

मीटिंग. पुढच्या सोमवारी हेच ॲप आणखी तीस दवाखान्यांत जाणार होतं. तरी म्हटलं — थांबवा. ही स्क्रीन मी लिहिली आहे आणि ती चुकली आहे.

मग हेमेंद्रसर, "ये पहले क्यों नहीं पता चला?"

"तिथे कोणी गेलंच नव्हतं, सर."

पंधरा दिवस मिळाले. ॲप आता नंबर मोठ्याने पुकारणार.

नंतर शंतनुचा फोन. "ताई, मला वाटलं तुम्ही स्वतःच बसून बदलाल. टेन्शनमध्येच होतो मी." मी पण, म्हटलं. दोघेही हसलो. संध्याकाळी फूलबागेपर्यंत चालत गेले. कितीतरी दिवसांनी खांदे हलके.

१४ नोव्हेंबर

दवाखान्यात चाचणी. "सत्रह नंबर" ऐकू आलं, आणि एक आजोबा डोळे मिटूनच उठले, भिंतीला हात लावत बरोबर दारापर्यंत गेले. लीलाताईंनी माझ्यासाठी चहा मागवला. म्हणाल्या, "आज घसा वाचला."

एवढं हलकं तर कोड चालल्यावरही कधी वाटलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर

जेवताना बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पण पुकारलेलं मला कुठे ऐकू येणार? डावा कान गेला, उजव्यानेही जवळचंच तेवढं ऐकू येतं, दोन वर्षं झाली. तू कामात असायचीस, म्हणून बोललो नाही."

एकाच घरात राहतो आम्ही.

सोमवारी अकराची वेळ घेतली, कानाच्या डॉक्टरांची. मी सोबत जाणार.